वादी गैरहजर: वाशिमच्या एका वाटेचा इतिहास

आजचा भाग एका ओळीवरून सुचला, आणि ती ओळ तुमच्या मोबाइलवरही दिसू शकते.

समजा, तुमच्या घरी आजोबांच्या काळापासून एक दावा चालू आहे. वावरात जायच्या वाटेचा. घरात सगळ्यांना एवढंच माहीत, की ‘कोर्टात आहे’. एक दिवस सहज तुम्ही ई-कोर्ट्सचं ॲप उघडता, जुन्या कागदावरचा १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक टाकता, आणि समोर येतं: प्रकरण निकाली. कसं निकाली? वादी गैरहजर, सबब दावा काढून टाकला. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

हरलो का आपण? तसं नाही. वाट तुमची नाही असं न्यायाधीशांनी कुठंच म्हटलेलं नाही. साक्षी झाल्या नाहीत, नकाशा पाहिला गेला नाही. शिपायानं दारात उभं राहून नावाचा पुकारा केला, कोणी आलं नाही, रोजनाम्यात दोन ओळी पडल्या. बस. पण त्या दोन ओळींचा परिणाम कधीकधी हरण्यापेक्षाही वाईट असतो. तो कसा, आणि ही गैरहजेरी एवढी महाग कधीपासून झाली, ते आज बघू. जागा आहे वाशिम जिल्हा. पण तुम्ही यवतमाळचे असा की साताऱ्याचे, गोष्ट ओळखीची वाटेल.

आधी वाट. पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगतो: आमच्याकडं शेताला वावर म्हणतात आणि बांधाला धुरा. गावातून शिवारात जाणारा बैलगाडीचा जुना रस्ता म्हणजे पांदण. पांदण नकाशात असते. पण पांदणीपासून तुमच्या वावरापर्यंतचा शेवटचा तुकडा बहुतेकदा नकाशात नसतो. तो कोणाच्या तरी धुऱ्यावरून जातो. आजोबा गेले, बाबा गेले, बैल गेले, पुढं ट्रॅक्टर गेला. कोणी विचारलं नाही, कोणी लिहून दिलं नाही.

आता काळी माती. उन्हाळ्यात वावर मोकळं असतं, कुठूनही जा, कोणाला फरक पडत नाही. भांडण सुरू होतं पहिल्या पावसानंतर. सोयाबीन पेरलं, तूर उगवली, की शेजाऱ्याला त्याचा तास न् तास मोलाचा वाटतो. आणि तुम्हाला त्याच आठवड्यात बियाणं आणि खत आत न्यायचं असतं. धुऱ्यावर काट्या पडतात, चर खोदला जातो. मग सुगीला मळणीयंत्र आत जात नाही, आणि सोयाबीनचे गठ्ठे डोक्यावर काढावे लागतात. मजुरी दुप्पट. हे एक-दोन हंगाम झालं की माणूस शेवटी कोर्टात जातो.

कोर्टात या हक्काला नाव आहे: सुविधाधिकार. लोक म्हणतात वहिवाटीचा हक्क. जमीन दुसऱ्याची, पण तिच्यावरून जायचा हक्क माझा. किंवा पाणी न्यायचा, किंवा सांडपाणी सोडायचा. याचा कायदा १८८२ चा आहे, आणि त्याचा मसुदा करणारा माणूस मजेशीर होता. व्हिटली स्टोक्स, डब्लिनचा आयरिश. पोटापाण्याला कायदा, आणि मनापासून अभ्यास आयर्लंडच्या प्राचीन भाषांचा. इंग्रजी न्यायालयांमध्ये विखुरलेले नियम त्यानं एका आटोपशीर कायद्यात बसवले. १ जुलै १८८२ ला तो लागू झाला, पण सगळीकडं नाही. आधी मद्रास, मध्य प्रांत आणि कुर्ग. मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये.

आणि वऱ्हाड? वऱ्हाड तेव्हा विचित्र अवस्थेत होतं. कारभार इंग्रजांचा, पण कागदावर मुलूख निजामाचा. १८५३ च्या तहानं त्यानं तो इंग्रजांच्या हवाली केलेला. त्यामुळं ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथं आपोआप लागू होत नसत, प्रत्येकासाठी वेगळा हुकूम काढावा लागे. म्हणजे पैनगंगेच्या काठावरच्या शेतकऱ्याची वाट दुसऱ्याच्या वावरातून जायची, आणि त्याचा अख्खा प्रांत दुसऱ्याच्या मालकीतून चालवला जायचा. इतिहासाला विनोदबुद्धी असते, कधीकधी.

कायद्याचा गाभा सोपा आहे. एखादी वाट तुम्ही उघडपणे, कोणाच्या परवानगीनं नव्हे तर हक्कानं, कोणाच्या अडथळ्याशिवाय सलग २० वर्षं वापरली, तर ती वहिवाट हक्क होते. आता यातला काटा बघा, कलम १५ मध्ये आहे. ही २० वर्षं दावा दाखल करण्याच्या आधीच्या २ वर्षांच्या आत संपलेली असली पाहिजेत. म्हणजे काय? तुम्ही १९९० पासून २०१५ पर्यंत वाट वापरली, २०१५ मध्ये शेजाऱ्यानं चर खोदला. तर २०१७ च्या आत कोर्टात जायला हवं. २०२० मध्ये जागे होऊन गेलात, तर तुमची आधीची २५ वर्षांची पायपीट या कलमाखाली मोजलीच जात नाही.

एक वेगळा दरवाजा आहे. मूळ जमीन एकाचीच होती, भावाभावांत वाटणी झाली आणि एका तुकड्याला दुसरी वाटच उरली नाही, तर तो गरजेचा हक्क. त्याला २० वर्षं लागत नाहीत. वाशिमकडची अर्धीअधिक भांडणं भावकीचीच असल्यानं हा मुद्दा वकिलाला जरूर विचारा. पण गैरसोय म्हणजे गरज नव्हे. लांबून का होईना, दुसरी वाट असेल, तर हा दरवाजा बंद.

पुरावा किती लागतो, यासाठी गोव्याचं एक उदाहरण देतो. तिथल्या एका घराच्या वाटेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘पूर्वापार वापरतोय’ एवढं सांगून भागलं नाही. न्यायालयाचं म्हणणं असं, की नेमकी कधीपासून वापरताय ते दाव्यात लिहा, २० वर्षं सिद्ध करा. वादीला ते जमलं नाही, वाट गेली.

आणि हो, वहिवाट हा शब्द नेहमी दुबळ्याच्या बाजूचा असतो असं समजू नका. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला माहीत असतो, पण त्यानंतरचा दिवाणी दावा कमी जणांना माहीत असतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्णांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर तो लावला. वादींचं म्हणणं काय, तर अस्पृश्यांनी या तळ्याला हात लावायचा नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. प्रतिवादी शेवटपर्यंत उभे राहिले. महाड, मग ठाणे, मग मुंबई उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ ला निकाल लागला, आणि असली वहिवाट सिद्ध होत नाही असं ठरलं. सव्वानऊ वर्षं. दोन्ही बाजू हजर राहिल्या, म्हणून निदान प्रश्नाचं उत्तर तरी मिळालं.

आता थोडं मागं जाऊ, कारण ‘कोणाच्या जमिनीत कोणी पाऊल टाकायचं’ हा प्रश्न वाशिमला नवा नाही. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. १९३९ मध्ये इथं विंध्यशक्ती दुसरा या राजाचे ताम्रपट सापडले, इसवी सनाच्या चौथ्या शतकातले. वंशावळ संस्कृतात, पण व्यवहाराचा भाग प्राकृतात, म्हणजे लोकांना कळेल अशा भाषेत. त्यात एक गाव ब्राह्मणांना दान दिलंय. वाकाटकांच्या दानपत्रांची रीत अशी, की सोबत सवलतींची यादी येते: गावात शिपायांनी शिरायचं नाही, फुलं-दूध उकळायचं नाही, वगैरे. आणि या ताम्रपटात दिलेलं गाव कुठं आहे? नंदिकडच्या, म्हणजे नांदेडच्या, ‘उत्तर मार्गा’त. मार्ग हे तेव्हा प्रदेशाचं नाव होतं! मुलूख वाटेवरून ओळखला जायचा.

मधली हजार-बाराशे वर्षं उडी मारून मराठा काळात येऊ, कारण हजेरीचा मुद्दा तिथं स्पष्ट दिसतो. तेव्हा वतनाचा किंवा शिवेचा वाद गोतसभेपुढं यायचा. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसायचे. सुरुवातीलाच दोन्ही पक्षांकडून दोन गोष्टी घ्यायचे. एक, राजीनामा. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. तेव्हा अर्थ होता ‘सभा जो निर्णय देईल त्याला मी राजी आहे’ हे लिहून देणं. दुसरी गोष्ट, हाजीर जामीन. म्हणजे हा माणूस बोलावू तेव्हा हजर राहील, याची हमी दुसऱ्या कोणीतरी घ्यायची. हजर राहणं ही एकट्याची जबाबदारी नव्हतीच, त्यात जामीनदार अडकलेला असायचा. निर्णयाच्या कागदाला महजर म्हणत. आणि सभा जिथं बसायची तिथून वादाची शीव बहुतेक चालत जाण्याच्या अंतरावर.

म्हणून तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. पुरावा अडला की दिव्य करायला लावत, तापलेल्या धातूला हात घालायचा. आणि सभेत कोणाचा आवाज चालायचा, गावातल्या कुठल्या वाटेनं कोणी जायचं, हे जातीवर ठरायचं. पण हजर राहणं तुलनेनं सोपं होतं, एवढं खरं.

इंग्रजी अमलात न्याय गावाबाहेर गेला. १८५९ मध्ये पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता आली, आणि पक्षकार गैरहजर राहिला तर काय, याचे नियम पहिल्यापासून त्यात होते. आज चालतो तो १९०८ चा अवतार. आता वाशिमच्या नकाशाकडं बघा. वऱ्हाडात तेव्हा सहा जिल्हे होते, त्यातला एक बासिम, म्हणजे आपलं वाशिम. १९०५ मध्ये फेररचना झाली, सहाचे चार केले. बासिम जिल्हा गेला, पुसद यवतमाळला आणि बाकीचा भाग अकोल्याला. जिल्ह्याची मोठी कामं, अपिलं, सगळं अकोला. वाशिमहून सुमारे ८० किलोमीटर. जिल्हा परत मिळाला तो १ जुलै १९९८ ला. मधली ९३ वर्षं रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या माणसासाठी अपिलाची एक तारीख म्हणजे एक-दोन दिवस मोडले, आणि वर वकिलाची फी.

आता नियम. आदेश ९ लक्षात ठेवा. सुनावणीला दोघंही आले नाहीत, तर दावा काढून टाकता येतो, पण मुदत शिल्लक असेल तर नव्यानं दाखल करता येतो. खरी मेख नियम ८ आणि ९ मध्ये आहे. प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असेल, तर दावा काढून टाकतात, आणि त्याच कारणावरून नवा दावा लावता येत नाही. उरतो एकच रस्ता: ३० दिवसांत अर्ज करायचा, गैरहजर राहण्याचं पुरेसं कारण दाखवायचं आणि तोच दावा पुन्हा फाइलवर घ्यायला सांगायचं.

आता हे मघाच्या कलम १५ शेजारी ठेवा. वाट २०१५ मध्ये अडवली. दावा २०१६ मध्ये लावला, वेळेत. चार वर्षं तारखा झाल्या. २०२० मध्ये दावा गैरहजेरीत गेला, आणि तुम्हाला कळलं २०२३ मध्ये. आजोबांची २५ वर्षं त्या पहिल्या दाव्याला चिकटून होती. तो गेला की वकील दुसरी वाट शोधू शकतो, अडथळा रोज नव्यानं होतोय असा युक्तिवाद करू शकतो, पण तो डोंगर चढणंच आहे. आणि या सगळ्या काळात शेजाऱ्याला काहीही सिद्ध करावं लागलेलं नाही. त्यानं फक्त हजर राहायचं होतं. वाटेच्या दाव्यात वेळ अडवणाऱ्याच्या बाजूनं पळतो, हे मला या विषयात सगळ्यात अन्यायाचं वाटतं. पैशाच्या दाव्यात निदान व्याज चढतं. इथं चर खोल होत जातो.

मग वादी गैरहजर का राहतो? आळशी असतो म्हणून? कधीकधी असेलही. पण बघा, तारीख पडते पेरणीच्या आठवड्यात. न्यायाधीश बदलीवर किंवा रजेवर असले की पुढची तारीख, आणि असं पाचवेळा झालं की माणूस सहाव्यांदा जात नाही. वकिलाचा फोन लागत नाही. समन्सची फी भरायची राहते, त्यावरूनही दावा जाऊ शकतो. मध्यस्थ येतात, ‘भाऊ, औंदा जाऊ द्या, पुढच्या साली बसून मिटवू’. पुढच्या साली कोणी बसत नाही. आणि सगळ्यात जास्त घडणारी गोष्ट म्हणजे आजोबा वारतात. वारसांची नावं ९० दिवसांत दाव्यावर लावावी लागतात, नाहीतर दावा आपोआप संपतो. तेराव्याच्या गडबडीत कोर्टाची पिशवी कोणाला आठवते?

या नियमाकडं माणसासारखं बघणारा एक न्यायाधीश आपल्याच भागानं दिला. विव्हियन बोस, नागपूरचे. १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय सुरू झालं तेव्हा वऱ्हाडही त्याच्याच कक्षेत होतं. बोस तिथं न्यायाधीश होते, १९४९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५५ मध्ये त्यांच्यापुढं राजस्थानातल्या निवडणुकीचं एक प्रकरण आलं, संग्राम सिंग विरुद्ध निवडणूक न्यायाधिकरण, कोटा. सुनावणी मार्च १९५३ मध्ये उदयपूरला होती. सुरुवातीच्या दिवशी संग्राम सिंग किंवा त्यांचे वकील आले नाहीत. दोन-तीन दिवसांनी वकील आले, तर न्यायाधिकरण म्हणालं, आता तुम्हाला भाग घेता येणार नाही, एकतर्फी सुरू झालंय. बोस यांनी हे मोडून काढलं. त्यांचा मुद्दा साधा होता: प्रक्रियेचे नियम न्याय सुलभ करण्यासाठी असतात, शिक्षा करण्यासाठी किंवा माणसाला पाय अडकवून पाडण्यासाठी नसतात. एक दिवस गैरहजर म्हणजे कायमचा बाद, असं नाही. दार उघडून आत आला, तर उरलेल्या कामात त्याला बसू द्या.

१९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. रफिक विरुद्ध मुन्शीलाल. वकील सुनावणीला आला नाही म्हणून अपील गेलं होतं. न्यायालय म्हणालं, गावचा माणूस वकील नेमतो, फी देतो आणि विश्वासानं घरी जातो, वकिलाच्या चुकीची शिक्षा त्याला का? या दोन निकालांमुळं आजही अनेक दावे पुन्हा उभे राहतात. पण उभे करायला आधी कोणाला तरी कळावं लागतं, की तो पडलाय.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरणही वाशिम जिल्ह्यातच आहे, मालेगाव तालुक्यातलं शिरपूर. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर, आणि जैनांच्या दोन पंथांचा वाद. १९०५ मध्ये दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. एकाच जागी दुसऱ्याच्या वेळेनंतर आपली वेळ, म्हणजे स्वभावानं हा वादही वहिवाटीच्या जवळचाच. ते वेळापत्रक टिकलं नाही. १९१० मध्ये दावा लागला. १९१८ मध्ये अकोल्याचा निकाल, १९२३ मध्ये नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरचा, १९२९ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, आणि व्यवस्थापन श्वेतांबरांकडं राहिलं. तरी मिटलं नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशानंतर उघडलं. शंभरावर वर्षं, आणि दोन्हीकडून कोणी ना कोणी उभं आहे. कोण बरोबर यात मी पडत नाही. पण संस्था असली, निधी असला, माणूस गेला तर त्याच्या जागी दुसरा विश्वस्त असला, की खटला शतकभर जगतो. दोन एकरवाल्याचा खटला एका तापाच्या साथीत मरतो.

मग दिवाणी कोर्टाआधी काही आहे का? आहे, तहसीलदार. चालू वाट अडवली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली ६ महिन्यांच्या आत जायचं. वाटच नसेल आणि धुऱ्यावरून हवी असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. त्यावर नाराज असलेल्याला वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. तहसीलदारापुढंही हजर राहावंच लागतं, नाही राहिलात तर तिथंही अर्ज फेटाळला जातो. पण निदान तहसील जवळ असते, आणि साहेब जागेवर येऊन वाट डोळ्यांनी बघू शकतात.

आणि एक कागद, ज्याचं नाव घराघरांत माहीत हवं होतं: वाजिब-उल-अर्ज. महसूल संहितेच्या कलम १६५ प्रमाणं, गावातल्या खासगी जमिनींवरून जाण्या-येण्याच्या आणि पाण्याच्या रूढी यात नोंदवायच्या असतात. म्हणजे आजोबा तोंडी जे सांगायचे, ते सरकारनं लिहून ठेवायचं. तुमच्या गावचा तो कागद आहे का, त्यात काय लिहिलंय, हे तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन विचारा. मे २०२५ च्या शासन निर्णयानं आता शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यायला सांगितलंय. ती एकदा पडली, की निदान ‘वाट होती का’ यावर वीस वर्षांचे साक्षीदार गोळा करायला नकोत.

जाता जाता ॲपचं. सीएनआर क्रमांक सापडत नसेल, तर पक्षकाराच्या नावानंही शोधता येतं, फक्त तालुक्याचं न्यायालय बरोबर निवडा. आजोबांचं नाव इंग्रजीत कसं लिहिलंय याचा भरवसा नसतो, दोन-तीन स्पेलिंग टाकून बघा. दावा काढून टाकलेला दिसला, तर तो हुकूम कोणत्या तारखेचा आहे हे आधी बघा. ३० दिवस त्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला मोबाइलवर दिसलं त्या दिवसापासून नाही. उशीर झाला असेल, तर उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज सोबत लागतो, आणि त्यात प्रत्येक टप्प्याचं कारण लिहावं लागतं: आजारपण, मृत्यू, वकील बदलणं. दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला, जे असेल ते त्याच पिशवीत ठेवा.

पुढच्या भागात मोजणीची साखळी. धुरा दर मोजणीत दोन फूट कसा सरकतो, ते बघू.